ज्वारी कशावर दळली?

आमच्या गिरणीत दळणाचा डबा ठेवताना बायका एक वाक्य हमखास टाकतात. "भाऊ, गव्हावरच टाका हं, ज्वारीवर नको. पोळ्या काळ्या पडतात." हिंदी बोलणाऱ्या त्यांच्या शेजारणीही हेच सांगतात. उज्जैनला फ्रीगंजात टॉवर चौकामागच्या गल्लीत आमची गिरणी आहे. वडिलांनी टाकली, गेली अडतीस वर्षं मी चालवतो. गव्हावर ज्वारी पडली म्हणून माझ्याशी कुणी भांडल्याचं मात्र मला आठवत नाही. भाकरीत थोडा गहू गेला तर ती उलट मऊ होते, थापायला सोपी जाते. तक्रार कशाला करतील?

मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. माझ्या मुलीची तब्येत त्या 'थोड्या गव्हा'नं बिघडत होती, हे कळेपर्यंत.

आम्ही उज्जैनचे, म्हणजे शिंद्यांच्या मागून माळव्यात आलेल्यांपैकी. फ्रीगंजचं कागदोपत्री नाव माधवनगर. ग्वाल्हेरच्या माधवराव महाराजांनी वसवलं, व्यापाऱ्यांना करमाफी दिली म्हणून 'फ्री'गंज, असं आजोबा सांगत. आजोबांच्या घरात रोजची भाकरी ज्वारीची नाहीतर मक्याची, गव्हाची पोळी सणाला आणि पाहुण्याला. पुढे ट्यूबवेल आल्या, गव्हाचं नवं बियाणं आलं, खरिपात ज्वारीच्या जागी सोयाबीन आलं, आणि माझ्या हयातीत माळवा दोन्ही वेळ गहू खाऊ लागला. पुण्या-मुंबईच्या दुकानांत 'सिहोर' म्हणून जो गहू तुम्ही चढ्या भावानं घेता तो आमच्याच बाजूचा. दालबाफले गव्हाचे, सकाळच्या पोह्यांसोबतची जिलबी मैद्याची. गहू खाऊन माणूस आजारी पडतो, असं इथं कुणी म्हटलं तर लोक त्यालाच डॉक्टरकडे नेतील.

मुलगी 2000 सालची. आठवी-नववीपासून ती फिकी दिसायला लागली. वर्गाच्या फोटोत पहिल्या ओळीत, बसून. वर्षातून चार-पाचदा तोंड यायचं. पोट फुगायचं, पण जुलाब म्हणावेत असे कधी नव्हते, आणि हे लक्षात ठेवा, कारण इथंच सगळे फसतात. शाळेत आठवड्याला निळी गोळी मिळायची, लोहाची. जंताचं औषध दोनदा झालं. एका डॉक्टरांनी टीबीची शंका काढली, एकानं गॅस म्हटलं, एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "लडकी डाइटिंग तो नहीं करती?" हिमोग्लोबिन सात-साडेसात. गोळ्या सुरू असल्या की आठ, बंद केल्या की पुन्हा सात. पाळी दोन-दोन महिने यायची नाही. आणि घरात आम्ही सगळे एक वाक्य म्हणून मोकळे व्हायचो: "आत्याच्या वळणावर गेलीय."

आत्या म्हणजे माझी थोरली बहीण. तीही तशीच बुटकी, बारीक, कायम अशक्त. दोन वेळा दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिले नाहीत. चाळिशीत घरातल्या घरात घसरली तर मनगट मोडलं. 'आत्याच्या वळणावर' हे आम्ही कौतुकानं, थोडं हसून म्हणत होतो. आता वाटतं, आजाराची अर्धी कुंडली आम्ही रोज तोंडानं वाचत होतो आणि अर्थ मात्र कुणी लावत नव्हतं.

2023 मध्ये लग्नाची बोलणी सुरू झाली म्हणून तिला इंदूरला, पंचावन्न किलोमीटरवर, एका पोटविकारतज्ज्ञांकडे नेलं. तरुण बाई होत्या. त्यांनी जुनी फाइल वाचली आणि एकच गोष्ट विचारली: दहा वर्षं लोह पोटात जातंय, मग ते रक्तात का पोचत नाही, हे कुणी तपासलं का? कुणीच नाही. रक्ताची एक तपासणी लिहून दिली, टीटीजी-आयजीए. तेव्हा आम्हाला साधारण नऊशे रुपये पडले. नॉर्मल आकडा वीसच्या आत, हिचा दोनशेच्या वर, त्यापुढं ते यंत्र मोजतच नाही म्हणे. मग दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीचे पाच-सहा कण काढले. रिपोर्ट हातात घेऊन बाई म्हणाल्या, "अंदर मैदान हो गया है."

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आतड्याच्या आत बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, मखमलीसारखे. अन्नातलं सत्त्व तिथून शोषलं जातं. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन असतं. ज्यांना सीलिॲक नावाचा हा आजार आहे त्यांच्या शरीरातली संरक्षक यंत्रणा ग्लुटेन आलं की खवळते आणि आपल्याच आतड्यावर तुटून पडते. उंचवटे झिजत झिजत सपाट होतात. मला चित्राची गरज नव्हती. गिरणीच्या दगडाला खाचा असतात. महिना-दोन महिन्यांत त्या झिजतात, मग वरून कितीही धान्य ओता, खाली भरड पडते. टाकी घेऊन बसायचं आणि खाचा पुन्हा पाडायच्या, एवढाच उपाय. आतड्याचं त्याहून सोपं आहे: गहू पूर्ण थांबवला तर ते आपल्या खाचा आपणच पुन्हा पाडतं. त्याला वर्ष लागतं, कधी दोन. उंचीचं तसं नाही. तेविसाव्या वर्षी कळलं, तिची उंची चार फूट आठ इंच आहे आणि तेवढीच राहणार.

हा काही लाखात एखाद्याला होणारा आजार असता तर मी नशिबाला दोष देऊन गप्प बसलो असतो. पण जगभरात साधारण शंभरात एकाला तो असतो. दिल्लीच्या एम्समधले डॉ. गोविंद मखारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजधानी परिसरात घरोघर जाऊन पाहणी केली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा आकडा 96 माणसांमागे एक असा आहे. 2016 मध्ये देशातल्या तीन भागांतल्या 23 हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास आला. उत्तरेत शंभरात एकाहून थोडं जास्त प्रमाण, ईशान्येत थोडं कमी, दक्षिणेत हजारात जेमतेम एक. आजाराला लागणारी जनुकं मात्र तिन्हीकडे सारखीच, साधारण तिघांतल्या एकात. ती असलेल्यांपैकीही थोड्यांनाच आजार होतो, पण जनुकांशिवाय तो होत नाही. मग उत्तर-दक्षिणेत फरक कशाचा? त्याच अभ्यासात उत्तरेतला माणूस दिवसाला सरासरी 455 ग्रॅम गहू खात होता, दक्षिणेतला 25. ईशान्येचं कोडं यानं सुटत नाही, तिथं गहू 37 ग्रॅम आणि आजार जवळजवळ उत्तरेइतका. पण दक्षिणेचा आकडा वाचून मी ज्वारीच्या पोत्याकडे बघत बसलो होतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यावर वाटेल की हे उत्तरेचं दुखणं, आपलं नाही. तुमच्या आजीच्या ताटापुरतं ते कदाचित खरं असेल. पण तुमच्याकडे आता सोलापुरातही डब्याला पोळी जाते आणि भाकरी हॉटेलात जाऊन, पोळीहून जास्त पैसे मोजून खातात. धान्य बदललं, रक्त तेच आहे.

इतका सर्रास आजार, मग सापडत का नाही? भारतीय मुलांमध्ये तो आहे हे काही काल कळलेलं नाही. उत्तर भारतातल्या मुलांवरचा डॉ. वालिया आणि सहकाऱ्यांचा निबंध 1966 मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. मी डॉक्टर नाही, पण ज्या घरात हा आजार दहा वर्षं राहून दिसला नाही त्या घराचा मालक आहे, म्हणून बोलतो. एक तर डॉक्टरांच्या मनात याचं चित्र ठरलेलं आहे: हाडकुळं मूल, फुगलेलं पोट, न थांबणारे जुलाब. मोठ्यांत हा आजार वेगळ्याच वेषात येतो. कुणाला नुसता पंडुरोग, कुणाची हाडं ठिसूळ, कुणाला मूल राहत नाही, कुणाच्या कोपरा-गुडघ्यांवर खाजरे फोड, कुणाच्या यकृताच्या चाचण्या विनाकारण बिघडलेल्या. काहींना काहीच नाही. यातला प्रत्येक जण वेगळ्या तज्ज्ञाकडे जातो आणि प्रत्येक तज्ज्ञ आपल्या खोलीतलं तेवढं बघतो.

पण माझ्या मते खरं कारण याहून साधं आहे. आपल्याकडे बाई फिकी असणं हे लक्षण धरलं जात नाही, तो बायकांचा रंगच समजला जातो. देशातल्या निम्म्याहून अधिक बायकांना पंडुरोग आहे असं सरकारचीच पाहणी सांगते. जिथं निम्म्या फिक्या, तिथं आणखी एकीची चौकशी कोण करणार? गोळी दिली की कर्तव्य संपलं. गोळी लागू पडली का, हे विचारायला सहा महिन्यांनी कुणी येत नाही. लोहाच्या कमतरतेमुळे पंडुरोग झालेल्यांत साधारण 31 जणांमागे एकाच्या मुळाशी सीलिॲक सापडतो, असं जगभरातले अभ्यास एकत्र करून 2018 मध्ये मांडलं गेलं. निळ्या गोळ्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या किती मुलींना ती गोळी कधीच लागणार नव्हती, याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा. बुटक्या मुलांचंही तेच. 'खात नाही' म्हणून आईला बोल लावायचा आणि वर आणखी एक पोळी वाढायची.

दुसऱ्या टोकाला हल्लीची एक फॅशन आहे. मोबाइलवर काहीतरी बघून लोक स्वतःच गहू सोडतात. बरं वाटलं की खूश, आणि दोन महिन्यांनी तपासणी करतात. ती नॉर्मल येते. येणारच. गहू पोटात नसेल तर रक्तातल्या त्या खुणा ओसरतात आणि आतडं भरायला लागतं. गहू खाणं चालू असतानाच ही तपासणी करायची असते. माझ्याकडे दळण घेऊन येणाऱ्या एका शिक्षिकेनं असंच केलं. आता नक्की काय आहे हे कळायला तिला पुन्हा काही आठवडे रोज पोळी खावी लागेल, आणि ती घाबरून खात नाही. त्यामुळे तिला सीलिॲक आहे की नाही, हे आजही कुणी सांगू शकत नाही.

खपलीबद्दलही मला रोज विचारतात. खपली हा गहूच. जुना असेल, पचायला बरा असेल, पण ग्लुटेन त्यातही आहेच. सीलिॲकच्या माणसाला तो चालत नाही.

आता माझी स्वतःची चूक. निदान झालं आणि मी मनात म्हटलं, आपल्याला काय अडचण? घरची गिरणी. बाजारातली महागडी पाकिटं घेणाऱ्यांनी घ्यावीत, आपण चांगली ज्वारी निवडू आणि ताजं पीठ देऊ. तिच्या आईनं मेतकूट बंद केलं, कारण त्यात गहू असतो. थालिपिठाची भाजणी बंद. कुरडया, शेवया, सातूचं पीठ बंद. बांधानी हिंगात मैदा असतो हे कळल्यावर तीही डबी गेली. सात महिने मुलीनं भाकरी आणि भात खाल्ला. पुन्हा तपासणी केली, तर आकडा अजून दोनशेच्या आसपासच. इंदूरच्या बाईंनी विचारलं, चोरून काही खातेस का? ती रडायला लागली. मग त्यांनी विचारलं, पीठ कुठून आणता? मी छाती काढून सांगितलं, आमची स्वतःची चक्की आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं.

त्या रात्री गिरणी बंद करून मी दगड उघडले. खाचांत, खालच्या गोल कडेला, पीठ पडतं त्या कापडी सोंडेच्या शिवणीत, सगळीकडे गहू. ब्रशनं झाडून कागदावर घेतलं आणि तराजूत टाकलं, तर पावशेराच्या वर भरलं. पीठ ग्लुटेनमुक्त म्हणून विकायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावं असा आपल्याकडे नियम आहे. गव्हाच्या पिठात दहा टक्क्यांच्या आसपास ग्लुटेन धरलं तर पाच किलो ज्वारीत फार तर ग्रॅमभर गव्हाचं पीठ चालेल. मी पोरीला पावशेरातला कितीतरी वाटा रोज खाऊ घालत होतो, वर 'घरचं शुद्ध' म्हणून. एका पोळीत अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज 50 मिलिग्रॅम पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते असं दिसून आलं आहे, म्हणजे पोळीचा पन्नासावा तुकडा. सत्यनारायणाच्या शिऱ्याचा एक घास तर त्याहून कितीतरी मोठा.

'इतकं काटेकोर कोण पाळणार?' असं नातेवाईक म्हणतात तेव्हा मला हसू येतं. आम्ही उपवास पाळणारी माणसं. एकादशीच्या आधी राजगिरा, वरई, शिंगाडा दळायला येतो तेव्हा हीच मंडळी माझ्या डोक्यावर उभी राहतात. "भाऊ, मशीन धुतलं का? धान्याचा कण नको हं." मीही झाडतो, पुसतो, पहिलं मूठभर पीठ बाजूला काढतो. स्वयंपाकघरात वेगळी कढई, वेगळा झारा. 'उपवासाला चालतं का' हा प्रश्न पाच वर्षांच्या पोरालाही विचारता येतो. म्हणजे कण वेगळा ठेवायची सगळी विद्या आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. देवासाठी आहे. आजारी पोरीनं तेच मागितलं की ते नखरे होतात. तिच्या होणाऱ्या सासरी हेच झालं. "एक पोळीनं काय होतं?" असं तिकडून आलं, आणि ते लग्न आम्हीच मोडलं.

जवळच्या रक्ताच्या नात्यात हा आजार असण्याची शक्यता शंभरात सात-आठ, म्हणून आम्हा सर्वांची तपासणी करायला सांगितलं होतं. मी नॉर्मल, तिची आई नॉर्मल, धाकटा मुलगा नॉर्मल. राहिली ताई. तिला इंदूरला यायला राजी करायला दोन महिने लागले. "साठी आली माझी, आता काय बघायचंय?" शेवटी उज्जैनलाच रक्त दिलं. रिपोर्ट आणायला मीच गेलो. आकडा 160. संध्याकाळी तिच्याकडे गेलो तेव्हा ती कणीक मळत होती. मी सांगितलं. ती काही बोलली नाही, हात धुतले आणि बऱ्याच वेळानं म्हणाली, "म्हणजे ती दोन्ही पोरंसुद्धा यानंच गेली का रे?" तेव्हा नेमकं काय झालं ते आता कुणी सांगू शकणार नाही, आणि मी तसंच तिला सांगितलं. ती मान हलवत राहिली.

या आजाराचं कारण डॉक्टरांना कसं कळलं, तेही सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद खाऊ लागले. विलम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. आजूबाजूला लोक उपाशी असताना त्याच्याकडची सीलिॲकची मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. 1950 मध्ये त्यानं यावर प्रबंध लिहिला. तेव्हा कारण समजायला दुष्काळ लागला. आज रक्ताची एक छोटी नळी लागते. दोन्ही वेळ गहू खाणाऱ्या इटलीनं 2023 मध्ये लहान मुलांची सीलिॲकसाठी सरसकट तपासणी करायचा कायदा केला. आपल्याला उद्याच तसं जमेल असं मी म्हणत नाही. पण ज्या मुलीचं हिमोग्लोबिन तीन महिने लोह देऊनही चढत नाही, जे मूल वयाच्या मानानं फारच बुटकं आहे, त्यांची ही एक तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट व्हायला काय हरकत आहे? पंडुरोगमुक्तीची मोहीम 2018 पासून चालू आहे, गोळ्या वाटणारी माणसं गावोगाव आहेत. त्यांच्या कागदावर 'गोळी लागू पडली का' असा एक रकाना वाढवायचा आहे. आणि ज्याचं निदान झालं आहे त्याच्या रेशनकार्डावर गव्हाऐवजी तांदूळ, ज्वारी किंवा मका द्या. गरिबाला डॉक्टरनं गहू बंद सांगायचा आणि सरकारनं पिशवीत गहूच घालायचा, याला काय म्हणावं?

गिरणीवाल्यांना माझं सांगणं वेगळं आहे. गेल्या वर्षी मी एक छोटी चक्की घेतली, ती मागच्या खोलीत, बंद दाराआड ठेवली आणि तिला लाल पट्टी मारली. तिच्यावर ज्वारी, मका, बाजरी, तांदूळ एवढंच पडतं, आणि तिथं दळणारा माणूस त्या दिवशी गव्हाला हात लावत नाही. धंदा म्हणून ती तोट्यात आहे. मुलीचा आकडा आता तीसवर आला आहे, हिमोग्लोबिन साडेअकरा. ताईनं परवा विचारलं, दिवाळीला तांदळाच्या पिठाचे अनारसे चालतील ना?

2011 च्या जनगणनेत उज्जैन शहराची वस्ती पाच लाखांवर होती. शंभरात एक धरला तर या शहरात सीलिॲकची पाच हजार माणसं तरी असणार. माझ्या लाल पट्टीच्या चक्कीवर अकरा घरांचे डबे येतात. बाकीचे लोक गहूच दळून नेत असतील, काही तर माझ्याकडूनच.